व्हीआरएस की कपातीचं पत्र? सही करण्याआधीचा हिशोब

फेब्रुवारीत माझ्या मेहुण्याच्या नाशिकजवळच्या अंबडमधल्या कंपनीत डाय (प्रेसचे साचे) लाकडी खोक्यांत भरायला सुरुवात झाली. काम परदेशातल्या प्लँटला चाललं होतं. दोन आठवड्यांत प्रेस शॉपची लाइन उचलली गेली. मग एकेकाला केबिनमध्ये बोलावून नोकरी सोडण्याचा छापील कागद पुढे केला: ‘मी माझ्या खुशीने व वैयक्तिक कारणास्तव...’ खाली तारीख आधीच टाकलेली. मेहुण्याने चार दिवसांची मुदत मागितली आणि कागदाचा फोटो मला पाठवला. त्या रात्री आम्ही जो हिशोब मांडला, तोच इथे देतोय. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथे हा कागद आणखी कुणाच्या पुढ्यात येऊ शकतो.

काम परदेशात गेलं म्हणून कामगाराला वेगळी मदत, अशी योजना अमेरिकेत १९६२ पासून होती. १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज घेणं थांबलं. आपल्याकडे काम कुठे गेलं हे कुणी विचारत नाही. तुमची नोकरी कोणत्या शब्दाने गेली, एवढंच बघतात. कपात (कंपनीनेच माणसं कमी करणं), कंपनी बंद, व्हीआरएस (रक्कम घेऊन स्वेच्छानिवृत्ती), राजीनामा. सगळा पैसा या शब्दावर फिरतो.

मेहुण्याचे आकडे धरू: पगार १८,०००, नोकरी १२ वर्षं, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं. ग्रॅच्युइटी आणि पीएफ दोन्ही वाटांनी मिळणारच, म्हणून ते बाजूला ठेवले. ‘ग्रॅच्युइटी धरून एवढे’ असं कंपनी सांगते, तेव्हा तिथेच थांबवा. तो तुमचाच पैसा आहे.

कपात झाली तर दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे १,०८,०००. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, १८,०००. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कौशल्य निधी आहे: कंपनीने आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा आणि कपातीनंतर ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. हे ९,००० झाले. आतापर्यंत १,३५,०००.

यापुढचा भाग केबिनमध्ये कुणी सांगत नाही. ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपात झालेल्या किंवा कारखाना बंद पडलेल्या कामगाराला पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के बेकारी भत्ता मिळतो. दोन वर्षांची वर्गणी भरलेली हवी. मेहुण्याच्या पगारावर हे सुमारे १,६२,००० होतात आणि त्या काळात घरच्या सगळ्यांचा दवाखाना चालू राहतो. एकूण २,९७,०००. म्हणजे व्हीआरएसचा आकडा ग्रॅच्युइटी सोडून तीन लाखांच्या खाली असेल तर तोट्याचा सौदा, कारण व्हीआरएस घेतली की हा भत्ता बंद.

पण भत्ता बेकार आहात तोवरच मिळतो. दुसरी नोकरी लागली की थांबतो. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणाऱ्याला चार महिन्यांत काम मिळणार असेल तर त्याच्या हातात भत्त्याचे ३६,०००च येतील, एकूण १,७१,०००. अशा माणसाला दोन लाखांची व्हीआरएससुद्धा परवडते आणि रक्कम एकदम मिळते. अठ्ठेचाळिशीतल्या प्रेस ऑपरेटरला मी कपातीचंच पत्र घे म्हणेन. त्याला कोण चार महिन्यांत उभं करून घेणार? व्हीआरएसवाल्याचाही दवाखाना अगदीच तुटत नाही. पाच वर्षं ईएसआयमध्ये असेल तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला उपचार मिळतात. मुलं मात्र त्यात नाहीत.

पगार २१,००० च्या वर असेल तर ईएसआयचा हिशोब लागूच नाही. तिथे भरपाई आणि व्हीआरएस एवढीच तुलना, आणि व्हीआरएसचा आकडा कायद्याने ठरलेला नाही, बोलणीवर ठरतो. एकट्याने केबिनमध्ये बोलू नका, युनियनला किंवा चार सहकाऱ्यांना घेऊन जा.

कंत्राटी पोरांना कपातीचं पत्र मिळणं कठीण. त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: ९० दिवसांपर्यंत ५० टक्के, आयुष्यात एकदाच. त्यासाठी दोन वर्षांचा विमा आणि वर्गणीच्या दिवसांची अट आहे. १८,००० वर हे २७,००० होतात. नोकरी सुटल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ईएसआयच्या शाखेत आधी विचारा. हीसुद्धा व्हीआरएसवाल्याला मिळत नाही.

साधा राजीनामा सगळ्यांत वाईट. त्यात कपातीची भरपाई नाही आणि श्रमिक कल्याणचा भत्ताही नाही.

मेहुण्याला कंपनीने ग्रॅच्युइटीसकट साडेतीन लाख देऊ केले होते. त्याची ग्रॅच्युइटी १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे १,२४,६१५ निघाली. उरले सव्वादोन लाख. पाचव्या दिवशी तो आणखी सहा जणांसोबत केबिनमध्ये गेला आणि कपातीचं पत्र लेखी मागितलं.