टोकावड्याजवळचा डांगी गोठा : पाचपैकी चार

आधी भाव, कारण ठाण्यात पहिला प्रश्न तोच येतो. डांगी या देशी गाईचं दूध १२० रुपये लिटर, तूप ३,००० रुपये किलो. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत हे ऐकून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. यापेक्षा स्वस्तात गीरचं मिळतं म्हणे. मिळत असेल. गीर एका वेताला दोन हजार किलोच्या आसपास दूध देते, डांगीची सरासरी कशीबशी ४३० किलो. नुसत्या दुधावर ही गाय गीरपुढे टिकणार नाही, आणि गोठ्याचे मालक हे पहिल्याच फोनवर सांगून टाकतात. वर वासराचं पोट भरल्याशिवाय धार काढत नाहीत. दूध मात्र चोख. तापवून ठेवलं की साय सुरीने कापावी लागते, आणि घरचं विरजण आता पाणी सोडत नाही.

माझी खरी शिफारस मात्र बैलजोडीसाठी आहे. मुरबाडकडे आमची भातखाचरं आहेत, उतारावरची, टप्प्याटप्प्याची. ट्रॅक्टर बांधावरून खाली उतरतच नाही. पॉवर टिलर उतरवला होता, तो वरच्या खाचरात रुतला आणि चार माणसांनी ओढून काढला. तेव्हापासून चिखलणीला याच गोठ्यातली जोडी येते, हाकणाऱ्या माणसासकट दिवसाला १,५०० रुपये. इगतपुरी, अकोले, जव्हार, मोखाडा, आपला शहापूर-मुरबाड, हा सगळा धो धो पावसाचा पट्टा हेच डांगीचं घर. कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि दगडासारखे टणक. आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असताना ही जोडी शांतपणे फेरे मारत होती आणि आमचे नाना, ज्यांना आयुष्यात कुणाचं काम पसंत पडलेलं नाही, बांधावर छत्री धरून म्हणाले, "जू बरोबर बसलंय."

गोठ्यावर गेलो तेव्हा हिशेब विचारला. मालक म्हणाले, "दादा, दुधाचे पैसे खुराक आणि मजुरीत जातात. मला सुटतात ते जोडीचे." म्हणजे आपण बाटलीचे १२० मोजतो ते गाय उभी राहावी म्हणून, कमावतो तो तिचा गोऱ्हा. २०१५च्या कायद्यापासून राज्यात बैलाची कत्तलही बंद आहे, त्यामुळे ज्या गोठ्यात गोऱ्ह्याला काम नाही तिथे तो नुसता खर्च होऊन बसतो. इथे खोंडांना लहानपणापासून जुवाची सवय लावतात, मग जोडी भाड्याने किंवा विकत जाते.

वळूही ठेवलाय. आसपासच्या पाड्यांवरच्या गायी त्याला दाखवायला आणतात, त्याचे पैसे घेत नाहीत. अट एकच : कालवड झाली आणि विकायची ठरली तर आधी यांना विचारायचं. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत वळू नेऊन उभा करतात, विकायला नाही, लोकांनी बघावा म्हणून. २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, त्या यादीत डांगीचं नाव आहे. पण गाईमागे रोजचे ५० रुपये अनुदान गोशाळांना आहे. गाय कामाला लावून जगवणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात त्यातलं काही येत नाही. मला हे उफराटं वाटतं.

एक तारा का कापला? दूध आठवड्यातून दोनदाच येतं आणि कापूरबावडीला जाऊन घ्यावं लागतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी माळशेजच्या गर्दीत गाडी अडकली की सकाळचं दूध दुपारी मिळतं. बाटलीचं झाकण गळतं, हे सांगूनही बदललेलं नाही. गायी भाकड झाल्या की पुरवठा निम्म्यावर येतो. कळवतात वेळेवर, पण चहाला तोवर पिशवीचंच.

पोरांना घेऊन सहलीला जाणार असाल तर झोके, हुरडा, सेल्फीची चौकट असलं काही नाही. शेणाचा वास आहे. गाय व्यायलेली असेल तर खरवस मात्र मागा, लाजू नका. जोडी हवी असेल तर मे महिन्यातच सांगून ठेवा, मृगाचा पाऊस पडल्यावर फोन केलात तर ऑगस्टची तारीख मिळेल.