चिल्लर, राणीछाप की शिवराई? सोलापुरात नाणेसंग्रह सुरू करणाऱ्यासाठी

गेल्या महिन्यात भाचा एक बरणी घेऊन आला. आजीकडून मिळालेली चिल्लर, तिच्यात चांदीचे दोन रुपये, एक हिरवट पडलेला तांब्याचा पैसा, आणि खिशात साठवलेले तीन हजार. "मामा, यात संग्रह सुरू करायचा तर काय घेऊ? सांगा की." त्याला तासभर जे सांगितलं तेच इथं मांडतो आहे. हा प्रश्न मला वर्षाकाठी चार-पाच जण तरी विचारतात, आणि विचारायला येईपर्यंत बहुतेकांनी नाणी घासून तरी ठेवलेली असतात नाहीतर चुकीच्या प्लॅस्टिकात भरून तरी.

आपल्याकडे वाटा मुख्यतः तीन. १९५० नंतरची भारत सरकारची नाणी, ब्रिटिश अमदानीतले चांदीचे रुपये (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला तो राणीछाप), आणि शिवराईसारखी जुनी तांब्याची नाणी. तिन्ही मी जमवली आहेत, तिन्हींवर जीव आहे. पण नवख्या हाताला तिन्ही सारख्या नाहीत.

चिल्लर

लोक हिला कमी लेखतात, आणि मला ते मनापासून खटकतं. किराणा दुकानातून परत आलेला एक रुपया हातात घ्या आणि सालाखाली बघा. हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची, त्यामुळे त्यानंतरच्या एकाच सालाची चार वेगळी नाणी मिळू शकतात. चारही पाडली गेली असतील असं नाही. काही सालांत एखाद्या टांकसाळीनं ते नाणं काढलेलंच नसतं, आणि कुठलं नव्हतं हे शोधण्यातच सहा महिने मजेत जातात.

धातू बघा. दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली. पहिला नवा पैसा काशाचा होता, १९६२ ला तो निकेल-पितळेचा झाला, १९६५ पासून ॲल्युमिनियमचा. आठ वर्षांत तीन धातू. पैशाची किंमत उतरत गेली तसा त्यातला धातू हलका होत गेला, आणि हे पुस्तकात न वाचता तळहातावर तोलून कळतं. चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे, पाकळ्यांच्या कडेचे दोन आणि दहा पैसे हे आकार आजच्या मुलांनी पाहिलेलेच नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली. पन्नास पैसे अजून कायदेशीर चलन आहे, दुकानदार घेत नाही ही गोष्ट वेगळी.

या वाटेचा सर्वात मोठा गुण म्हणजे चुकलात तर रुपया-दोन रुपयांनी चुकता. डोळा तयार होतो तो इथंच. उणीव एकच: पैसा वाढेल या आशेनं येणाऱ्याला इथं काही मिळत नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखोंना विकलं जातं असे मेसेज अजून फिरतात. ती नाणी २०१२ ची, भरपूर पाडलेली. विकण्यासाठी आधी 'नोंदणी फी' मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं.

राणीछाप आणि त्यानंतरचे रुपये

तीन हजार हातात आले की पहिला मोह हाच. घरोघरी लक्ष्मीपूजनाला हे रुपये निघतात, सराफाकडेही मिळतात. भाव अगदीच मनमानी नसतो, कारण खाली चांदीचा आधार असतो. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास. १९४० पासून ती पन्नास टक्क्यांवर आली, म्हणजे ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ च्या रुपयात चांदी नाहीच, तो निकेलचा. राजाच्या चेहऱ्याची बाजू घाईत बघितली तर फरक कळत नाही. निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. एवढं एक चुंबक खिशात असतं तर माझ्या ओळखीतले दोघं तरी फसले नसते.

यातला अभ्यासही खोल आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत राणी आणि १८७७ पासून सम्राज्ञी अशी उपाधी येते. १८६२ हे साल तर पुढं कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, आणि प्रत्यक्ष वर्ष ओळखायचं ते बारीक टिंबांच्या जागांवरून. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसला, लोक बिथरले, आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट सोंडेचा करावा लागला.

पण खोट्याचा सुळसुळाटही इथं सर्वात जास्त. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, म्हणून कुणी तो सहज काढून दिला तर हात आखडता घ्या. वजनकाटा लावा, कडेचे दाते भिंगातून बघा. आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासायची: कडी. तांड्यांवरच्या आणि जुन्या घरांतल्या बायका रुपयांच्या माळा करत, त्यासाठी कडेला डाग देऊन कडी बसवत. कडी काढून घासलेल्या जागी धातूचा रंग वेगळा दिसतो. ती माळ म्हणून मला अमोल वाटते, पण सुट्या नाण्याची किंमत मात्र उतरलेली असते.

माझं मत: सुरुवातीला एकच घ्या, नीट तोलून, पूर्ण पाहून. दहा रुपयांचा गठ्ठा सराफाच्या शब्दावर उचलू नका. तो चांदी विकतो आहे. तुम्ही नाणं घेत आहात.

शिवराई

मराठी माणसाचं मन सर्वात आधी इथं धावतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आठवून अंगावर काटा येतो. तो यावाच. पण हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, किंबहुना बहुतेक नसतात. तीच अक्षरं पुढं पेशवाईतही पाडत राहिले, ठिकठिकाणच्या टांकसाळींत, वेगवेगळ्या वळणांत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं बाहेरच राहतात. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी. कंपनी सरकारनं काढलेल्या दुदांडीवर फसली सालाचे, म्हणजे त्या काळच्या महसुली कालगणनेचे, आकडे सापडतात. त्यात ५९० मिळवा की इसवी सन हाती येतं, म्हणजे फसली १२३६ म्हणजे १८२६-२७. ब्रिटिशांनी पाडलेल्या तांब्याच्या पैशावरही छत्रपतींची अक्षरं टिकली, हे मला कुठल्याही चांदीपेक्षा मोठं वाटतं.

सोलापूरच्या मातीत याहून जुनं तांबंही निघतं. आपला भुईकोट बहामनी, आदिलशाही, निजामशाही असा हात बदलत राहिला. चांदबिबीच्या लग्नात तो आदिलशहाला आंदण म्हणून दिला गेला. या किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही या दोन्ही घराण्यांत लढाया झाल्या. त्या काळच्या नाण्यांवर फारसी अक्षरं असतात. ती वाचायला शिकल्याशिवाय त्या गल्लीत शिरू नका.

शिवराईची गोम अशी की किंमत कमी असते म्हणून लोक निर्धास्त घेतात, आणि मग 'हयातीतली' म्हणून सांगितलेल्या तुकड्याला अनेक पट मोजतात. होनाच्या, म्हणजे शिवकालीन सोन्याच्या नाण्याच्या, नावाखाली विकली जाणारी पिवळी टिकली तर बघायलाही नको. वर्षभर निदान पन्नास शिवराया हाताळल्याशिवाय एकही महाग शिवराई घेऊ नये. तोवर तांब्या-पितळेच्या भांड्यांची मोड घेणाऱ्यांकडे नजर ठेवा. मोडीत आलेलं नाणं वजनावर मिळतं आणि डोळ्याला सराव होतो.

कायदाही माहीत असू द्या. नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते परदेशी पाठवता येत नाही. परगावच्या नातेवाइकाला भेट म्हणून द्यायला हरकत नाही, दुबईच्या नाही.

ठेवायचं कशात?

खरं तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. नाणं चुकीचं घेतलं तर पैसे जातात, चुकीचं ठेवलं तर नाणंच जातं.

बाजारात सर्वात सहज मिळतो तो प्लॅस्टिकच्या खिशांचा अल्बम. पानं उलटत सगळं एकत्र बघता येतं, मुलांना आवडतो, स्वस्तही असतो. पण पान नाकाशी धरून वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी. त्याला मऊ ठेवण्यासाठी घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो, चांदीही खराब होते. हे कुठंही होतं, पण उष्णतेनं लवकर होतं, आणि एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीसच्या वर जाणाऱ्या आपल्या गावात, त्यातही पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर, अल्बम भट्टीत ठेवल्यासारखाच. माझ्या पहिल्या अल्बमातली अकरा तांब्याची नाणी अशी गेली. दोन उन्हाळे पुरले.

दुसरा मार्ग दोन इंची पुठ्ठ्याचे होल्डर. मध्ये पॉलिएस्टरची पारदर्शक खिडकी असते, पुठ्ठा दुमडून नाणं बंद करायचं. माझी पसंती यालाच. एक नाणं एक होल्डर, आणि पुठ्ठ्यावर साल, टांकसाळ, कुठून आणि केवढ्याला घेतलं ते लिहिता येतं. पाच वर्षांनी हे लिखाणच संग्रहाचा अर्धा जीव ठरतं. दोन खबरदाऱ्या: नाण्याच्या मापाचंच भोक घ्या, आणि स्टेपल मारलात तर पक्कडीनं पिना सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे उठतात. चिकटणारे होल्डर थोडे महाग पडतात, पण ही भानगड नसते.

तिसरी कॅप्सूल, कडक पारदर्शक डबी. चांदीच्या रुपयासाठी हिच्यासारखं काही नाही, दोन्ही बाजू आणि कडा दिसतात, बोट लागत नाही. पण शंभर चिल्लर नाण्यांना शंभर कॅप्सूल घेणं हा पैशाचा अपव्यय. कागदी पाकिटं जुन्या लोकांची सवय. साध्या कागदातल्या आम्लानं आणि गंधकानं चांदी काळवंडते, शिवाय नाणं बघायचं तर दरवेळी बाहेर काढावं लागतं. रबर बँड तर नाण्यांच्या जवळही नको, कारण तेच, गंधक.

कुठलंही साधन घ्या, ते आतल्या भिंतीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यातून काढा. आणि एक गोष्ट जी बाहेरगावची माणसं सांगणार नाहीत: ज्या खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो तिथं नाणी ठेवू नका. बाहेर कोरडं ठणठणीत असलं तरी त्या खोलीत दमट हवा भरलेली असते. मुंबई-कोकणवाल्यांना पावसाळ्याची धास्ती, आपल्याला कूलरची. सिलिका जेलची पुडी टाका आणि रंग बदलला की बदला.

धुणं-घासणं? चिंच, लिंबू, रांगोळी, पितळेची पावडर, काहीही नको. तांब्यावरचा तपकिरी थर दोनशे वर्षांनी बसवलेला असतो, तो एका मिनिटात निघतो आणि परत कधीच येत नाही. पीव्हीसीचा चिकटा धरला असेल तर फक्त शुद्ध ॲसिटोन, तेही न चोळता, मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब. नेलपॉलिश काढायचं द्रव नव्हे. घरच्या पूजेतले रुपये मात्र वेगळे ठेवा. त्यांना पंचामृत, हळदकुंकू लागणार, लागू दे. आईशी त्यावरून वाद घालू नका.

भाच्याच्या तीन हजारांचं काय झालं, तर एक भिंग, एक छोटा वजनकाटा, दोनशे होल्डर आणि दोन कॅप्सूल. उरलेल्यात नाणं एकही घेतलं नाही, पैसे राखून ठेवले. बरणीतली चिल्लर त्यानं टांकसाळीप्रमाणे लावली. दोनातला एक रुपया आजीनं दिवाळीसाठी परत मागून घेतला. उरलेला पंचम जॉर्जचा, १९१८ चा.

परवा रात्री त्याचा फोन आला. भिंगातून मागची बाजू बघत होता, खालच्या कमळापाशी त्याला एक बारीक टिंब सापडलं होतं. "मामा, टिंब म्हणजे नोएडा ना? १९१८ ला नोएडा कुठनं आलं?" मी म्हटलं, त्या रुपयांवर कमळाखालचं टिंब मुंबईचं, बिनटिंबाचा रुपया कलकत्त्याचा. पलीकडं दोन क्षण शांतता, मग पुठ्ठ्यावर पेन घासल्याचा आवाज.