बाटलीतली फोडणी: ऑलिव्ह तेल आणि तीन मुरवलेल्या तेलांचे परीक्षण

दिवाळीच्या आधी पुण्यातील आयात मालाच्या एका दुकानातून मी चार बाटल्यांचा संच आणला. अर्धा लिटर साधे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, आणि लिंबू, लसूण व लाल मिरची यांच्या स्वादाची प्रत्येकी अडीचशे मिलिलिटर तेले, असे सगळे मिळून २,६४० रुपये झाले. गेले दोन महिने ही तेले मी भाकरीपासून केकपर्यंत जिथे शक्य होते तिथे वापरून पाहिली. दुकानाचे किंवा आयातदाराचे नाव लिहीत नाही, कारण एकाच खेपेतल्या चार बाटल्यांवरून कोणावर शिक्का मारणे मला बरोबर वाटत नाही.

आधी लेबलाविषयी, कारण निम्मे पैसे तिथेच वाया जातात. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे रसायन न वापरता, केवळ यांत्रिक पद्धतीने फळातून काढलेले तेल. त्यातील मुक्त आम्लाचे प्रमाण शंभर ग्रॅमला ०.८ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि चाखणाऱ्या प्रशिक्षित मंडळींना त्यात एकही दोष आढळता कामा नये. लाकडी घाण्याच्या तेलाविषयी आपल्याकडे जी समजूत असते तिच्या जवळचीच ही कल्पना आहे, फरक इतकाच की तिला मोजमापाची चौकट आहे. ‘पोमेस’ लिहिलेले स्वस्त तेल मात्र फळ पिळून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले असते आणि चवीसाठी त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळतात. ‘एक्स्ट्रा लाइट’ या शब्दांनी तर अनेकांची फसगत होते. तिथे हलका असतो तो रंग आणि वास. उष्मांक कोणत्याही तेलाप्रमाणे ग्रॅमला नऊच असतात.

माझ्या बाटलीवर स्पेनमधील अंदालुसिया प्रांताचे नाव आणि शीत निष्कर्षण, म्हणजे २७ अंश सेल्सिअसच्या आत काढलेले तेल, असा उल्लेख होता. काच गडद हिरवी होती, हेही चांगले. परंतु फळे कोणत्या हंगामात तोडली ते कुठेही छापलेले नव्हते. ऑलिव्ह तेल द्राक्षाच्या मद्यासारखे मुरून सुधारत नाही, ते पहिल्या दिवसापासून उतरणीलाच लागते. अशा वस्तूवर केवळ ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ एवढेच छापणे म्हणजे आंब्याच्या पेटीवर गावाचे नाव लिहून तोडणीचा दिवस लपवण्यासारखे आहे. किमतीबद्दल मात्र मी फार कुरकुर करणार नाही. २०२२-२३ च्या हंगामात स्पेनमध्ये दुष्काळ पडून उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आले आणि त्यानंतर भाव जगभर चढले.

बाटली उघडली त्या दिवशी एक चमचा तेल नुसतेच तोंडात घेतले. आधी ओल्या गवताचा आणि कच्च्या टोमॅटोच्या पानाचा वास, मग जिभेच्या मागे कडवटपणा, आणि गिळताना घशाला झोंबणारा ठसका. सासूबाईंनीही चव घेतली आणि लगेच म्हणाल्या, “अगं, हे खवट झालंय का? परत करून ये.” त्यांचा ग्रह समजण्याजोगा आहे, कारण शेंगदाणा तेल कडवट लागले तर ते जुनेच असते. इथे मात्र उलटा न्याय लागतो. कडवटपणा आणि ठसका ताज्या फळातील पॉलिफेनॉल द्रव्यांमुळे येतो. घशाला झोंबणाऱ्या द्रव्याला ओलिओकॅन्थल म्हणतात, आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामकाशी त्याचे साम्य २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. खरा खवटपणा वेगळा असतो. त्याला जुन्या अक्रोडाचा किंवा मेणाच्या खडूंचा वास येतो आणि जिभेवर एक चिकट पापुद्रा राहतो. हे वर्णन लक्षात ठेवावे, कारण लसणाच्या बाटलीपाशी ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मराठी घरात ऑलिव्ह तेल कुठे शोभते, याचे उत्तर मला कढईत सापडले नाही. ते भाकरीच्या ताटात सापडले. कोरडी चटणी, तिच्यात खळगा करून ओतलेले कच्चे तेल आणि गरम भाकरी हे आपले जुने खाणे आहे, आणि भूमध्य समुद्राच्या काठावरची माणसे पावाबरोबर नेमके हेच करतात. मी तीन चटण्यांवर साधे एक्स्ट्रा व्हर्जिन आणि नेहमीचे घाण्याचे शेंगदाणा तेल शेजारी शेजारी घालून पाहिले. शेंगदाण्याच्या चटणीवर शेंगदाणा तेलाला तोड नाही; ऑलिव्ह तेल तिथे परक्या पाहुण्यासारखे अवघडून बसते. लसणाच्या लाल चटणीत तिखट आणि कडू यांचे भांडण झाले. जवसाच्या चटणीवर मात्र ऑलिव्ह तेलाने बाजी मारली, कारण जवसाचा मातकटपणा आणि तेलाची हिरवी चव एकमेकांना धरून राहतात. काकडी-टोमॅटोच्या दही न घातलेल्या कोशिंबिरीवर आणि उकडलेल्या बटाट्याच्या गरम फोडींवर नुसते मीठ आणि हे तेल घातले, तेव्हा सासूबाईंनीही दुसऱ्यांदा वाढून घेतले. खवटपणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता फोडणी. ‘ऑलिव्ह तेल तापवले की विषारी होते’ हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो बहुतांशी निराधार आहे. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाला धूर यायला साधारण १९० ते २१० अंश तापमान लागते, आणि तळणसुद्धा १८० च्या आसपास चालते. त्यातील प्रमुख स्निग्धाम्ल, ओलेइक आम्ल, उष्णतेपुढे बरेच टिकाऊ आहे. माझ्या कढईत मोहरी नीट तडतडली, जिरे फुलले, धूर आला नाही. प्रश्न आरोग्याचा नाही, पैशाचा आहे. हिंग, हळद आणि कढीपत्ता पडल्यावर त्या हिरव्या सुगंधाचा मागमूस उरत नाही आणि वरणाला कोणत्या तेलाची फोडणी दिली ते घरात कोणालाच ओळखता आले नाही. बटाटेवडे यात तळण्याचा प्रयोग मी केला नाही आणि करणारही नाही. घाण्याचे शेंगदाणा तेल मला लिटरला साडेतीनशे रुपयांना पडते. या तेलाचे अर्धा लिटरच त्याच्या तिप्पट किमतीला जाते.

ज्या कामासाठी मी हा संच पुन्हा आणेन ते म्हणजे भाजकाम. आपल्याकडचा रवा-दह्याचा बिनअंड्याचा केक यासाठी जणू बेतलेलाच आहे. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये रव्याचा पाकात भिजवलेला केक रेवानी या नावाने घरोघरी होतो, त्यामुळे ही जवळीक अगदीच योगायोगाची नाही. मी २०० ग्रॅम बारीक रवा, १५० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम दही, १०० मिलिलिटर दूध आणि ८० ग्रॅम लिंबाचे तेल एकत्र करून अर्धा तास भिजत ठेवले. मग एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून सात इंची भांड्यात, ओटीजी या विजेच्या छोट्या भट्टीत १८० अंशांवर चाळीस मिनिटे भाजले. उष्णतेत वास उडून जाईल ही माझी भीती खोटी ठरली. भट्टी १८० अंशांवर असली तरी ओलावा असेपर्यंत केकचा गाभा शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून सुगंध आत टिकतो. केक पहिल्या दिवशी चांगला होता आणि तिसऱ्या दिवशी अधिक चांगला झाला. बटरचा केक फ्रिजमध्ये घट्ट होतो. तेल पातळच राहत असल्याने हा तिसऱ्या दिवशीही मऊ होता.

मापाबाबत एक गोष्ट पाककृतींत अनेकदा गाळली जाते. बटरमध्ये स्निग्धांश सुमारे ८० टक्केच असतो आणि उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा, म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तेल घ्यावे आणि पातळपणा दुधाने जुळवावा. तूप मात्र जवळजवळ निखळ स्निग्ध असते, तिथे वजनास वजन घ्यावे. शिवाय तेल पाण्यापेक्षा हलके आहे. ८० ग्रॅम तेल मापाच्या पेल्यात सुमारे ८८ मिलिलिटर भरते. वजनकाटा नसेल तर हा फरक लक्षात ठेवावा.

नानकटाईचा प्रयोग फसला. साखरेबरोबर फेसून हलके झालेले तूप आत हवा धरून ठेवते. पातळ तेलाला ते जमत नाही. परिणामी नानकटाई पसरली, दाट झाली आणि बोटांना तेल लागू लागले. शंकरपाळ्यांना तेलाचे कडकडीत मोहन चालते, पण त्यासाठी इतके महाग तेल घालणे ही नुसती हौस झाली. फोकाच्चा मात्र जरूर करून पाहावा. इटलीतील जिनोव्हाच्या परिसरात हा पाव भाजण्यापूर्वी कणकेत बोटांनी खोल खळगे करून त्यांत मिठाचे पाणी आणि तेल ओततात. मी ५०० ग्रॅम मैदा, ३७५ मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम कोरडे यीस्ट घेतले आणि खळग्यांत साधे ऑलिव्ह तेल सढळ हाताने ओतले. खालची बाजू तेलात तळल्यासारखी कुरकुरीत झाली आणि वरच्या खळग्यांत खारट, ओलसर, हिरव्या चवीचे ठिपके उरले. साध्या बाटलीचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे झालेला दिसला.

स्वादाच्या तीन बाटल्यांकडे वळण्यापूर्वी हे सांगायला हवे की मुरवलेले तेल आपल्याला नवे नाही. पिठल्यावर वरून घातलेली लसणाची चरचरीत फोडणी म्हणजे जागच्या जागी मुरवलेले तेलच आहे. मिसळीच्या रश्श्यावर तरंगणारी तर्री ही मिरचीचा तिखटपणा आणि रंग ओढून घेतलेल्या तेलाचीच लाल साय असते. तेव्हा प्रश्न इतकाच राहतो की पाच मिनिटांत घरी होणाऱ्या वस्तूपेक्षा बाटलीतली वस्तू सरस आहे का.

लिंबाच्या तेलाबाबत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. इटलीत ऑलिव्हची फळे आणि अख्खी लिंबे एकत्र चिरडून तेल काढण्याची पद्धत आहे. माझी बाटली त्या प्रतीची नव्हती, तिच्यात सालीचे अर्क तेल नंतर मिसळलेले होते, तरीही वास स्वच्छ आणि खरा होता. सालीचा सुगंध तेलात विरघळतो, रसातील आंबटपणा विरघळत नाही, म्हणून हे तेल आंबट न लागता केवळ सुवासिक लागते आणि दूध घातलेल्या केकमध्येही निर्धास्त घालता येते. असे तेल घरी करणे कठीण आहे, हेही त्याच्या बाजूने मांडायला हवे.

मिरचीचे तेल ठीक आहे. पिझ्झ्यावर चालते, भातावर निरर्थक. ब्याडगी मिरची मंद आचेवर तेलात परतली तर रंग अधिक चांगला येतो आणि खर्च नगण्य होतो.

लसणाच्या बाटलीने निराशा केली. घटकांच्या यादीत लसूण नव्हताच, ‘नेचर आयडेंटिकल फ्लेवरिंग’, म्हणजे नैसर्गिक स्वादासारखा पण कृत्रिमरीत्या बनवलेला स्वाद, हे शब्द बारीक अक्षरांत होते. चवीला पाकीटबंद वेफर्सवरचा कोरडा लसूण, आणि त्याखाली तो मेणाच्या खडूंचा वास. म्हणजे मूळ तेलच जुने होते आणि लसणाच्या उग्रपणामागे ते लपवले गेले होते. स्वादयुक्त तेलांबाबत हा धोका नेहमीचा आहे, म्हणून चवीआधी घटकांची यादी पाहावी. एका गटाला मात्र चांगले लसूण तेल खरोखर उपयोगी पडते. ज्यांच्या पोटाला लसणातील फ्रुक्टॅन ही कर्बोदके सोसत नाहीत त्यांना तेलातून वास मिळतो आणि त्रास टळतो, कारण फ्रुक्टॅन तेलात उतरत नाहीत.

यावर कोणी घरीच लसूण तेलात घालून बाटली भरून ठेवायचे ठरवील, म्हणून सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. कच्चा लसूण तेलाखाली बुडाला की त्याला हवा मिळत नाही, आणि अशा ठिकाणी बोटुलिझमचे जंतू वाढून प्राणघातक विष तयार होऊ शकते. वासावरून वा रंगावरून ते कळत नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणामुळे तीसहून अधिक लोकांना अशी विषबाधा झाली होती. आपली लोणची मीठ आणि आंबटपणा यांच्या बळावर टिकतात. नुसत्या तेलात ते संरक्षण नाही. लसणाचे तेल लागेल तेव्हाच करावे, उरल्यास फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांच्या आत संपवावे.

साठवणीबाबत थोडेसेच. बाटली ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नये, अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. फ्रिजमध्ये तेल गोठले तर ते अस्सल, ही परीक्षा विश्वासार्ह नाही. बाटलीच्या तोंडाशी बसवलेली काळी चोच मात्र चारही बाटल्यांची सारखीच गळकी निघाली आणि कपाटातील कागद दर आठवड्याला बदलावा लागला.

पुढच्या वेळी मी संच घेणार नाही. साध्या तेलाची लहान बाटली, तीही तोडणीचा हंगाम छापलेली मिळाली तरच, आणि लिंबाच्या तेलाची एक बाटली एवढेच आणेन. लसणाच्या तेलाचे काय करावे हे ठरत नव्हते. दिव्यात घालू का, असे विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, “देवापुढे लसूण? काहीतरीच तुझं.” ती बाटली अजून तीन चतुर्थांश भरलेली आहे. सध्या ती गॅलरीच्या दाराच्या करकरणाऱ्या बिजागऱ्यांच्या कामी येते आहे.