युमातला आरव्ही रिसॉर्ट: दोन हिवाळे राहून, एक उन्हाळा पस्तावून

डाळ शिजत नाही. ॲरिझोनातल्या युमाबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते. कोलोरॅडो नदीचं पाणी इतकं क्षाराचं, की पहिल्या महिन्यात तूरडाळीला सात शिट्ट्या दिल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. चहावर तवंग, नळाला पांढरे खडे, न्हाल्यावर केसांची केरसुणी. शेवटी शेजारच्या कॅनेडियन आजोबांनी त्यांचा छोटा वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातले क्षार कमी करणारं यंत्र, आणून दाखवला. बाहेरच्या नळाला जोडायचा आणि आठ-दहा दिवसांनी मीठ घालून धुवायचा, एवढंच. तो आम्ही घेतला. प्यायला आणि डाळीला मात्र आरओचं पाणी, गावातल्या मशिनवरून कॅन भरून. त्यात तीन शिट्ट्यांत डाळीचं लोणी होतं.

आम्ही म्हणजे मी आणि हे. दोघं निवृत्त, मिनेसोटात पस्तीस वर्षं बर्फ उपसून कंटाळलेले. आमचं बत्तीस फुटी फिफ्थ व्हील आहे, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचं चाकांवरचं घर. नोव्हेंबरात ते घेऊन ॲरिझोनात उतरायचं आणि मार्चअखेर परतायचं. आरव्ही रिसॉर्ट म्हणजे अशी चाकांवरची घरं भाड्याने उभी करायची वसाहत. आमच्या रिसॉर्टचं नाव देत नाही; युमात असे डझनांनी आहेत आणि बहुतेकांची तऱ्हा एकच. पंचावन्नच्या वरची मंडळी, पोहण्याचा तलाव, पिकलबॉल, सुतारकामाचं वर्कशॉप, आणि दोन गाड्यांमध्ये इतकं अंतर की शेजारी शिंकला तर ‘गॉड ब्लेस यू’ खिडकीतूनच म्हणता यावं.

हिवाळा मात्र खरंच सुरेख. जानेवारीत दुपारी वीस-एकवीस अंश, आकाश धुतल्यासारखं, वर्षभराचा पाऊस जेमतेम तीन इंच. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे नुसती वाळू. इथे गावाबाहेर पडलं की मैलोन् मैल हिरवं शेत. अमेरिकेत हिवाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांपैकी सुमारे ९० टक्के युमाच्या आसपासच्या पट्ट्यातून येतात असं सांगतात. फ्लॉवर, कोबी, कोथिंबीर इतकी ताजी की मला सांगलीचा बाजार आठवला. मेजूल खजूरही इथलाच. खतं टाकली की दोन दिवस वास येतो आणि माश्या होतात, तेवढं चालवून घ्यायचं.

आता पैशाचं. महिन्याचं भाडं सांगतात त्यात वीज नसते. मुक्काम महिनाभराचा किंवा जास्त असला की मीटर वेगळा, आणि हे छापलेलं असतं अगदी तळाला, बारीक अक्षरात. जानेवारीतल्या रात्री गार असतात. हीटरचं पहिलं बिल बघून ह्यांनी दोन दिवस स्वेटर उतरवला नाही. दुसरं म्हणजे, गाडीची वीजजोडणी ३० अँपिअरची असेल तर १२० व्होल्टवर एकूण ३६०० वॉट मिळतात. हीटर, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावला की ब्रेकर पडलाच. ५० अँपिअरची गाडी असेल तर हे दुखणं नाही. रिसॉर्टचं वायफाय रात्री आठनंतर मेल्यात जमा. स्वतःची सोय हवीच.

मैल्याच्या टाकीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण सगळे लाजतात. सांडपाण्याचा पाइप जोडलेला असला तरी त्या टाकीची झडप कायम उघडी ठेवायची नाही. पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं आत डोंगरासारखं साचून वाळतं. टाकी बऱ्यापैकी भरू द्यायची, मग आधी ती सोडायची आणि मागून साबणाच्या पाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो. आमचे हे इंजिनिअर, त्यामुळे सूचना वाचल्या नाहीत. तीन आठवड्यांनी काय झालं ते सांगत नाही, पण अख्खी गल्ली सल्ला द्यायला जमली होती आणि माझी शेजाऱ्यांशी ओळख झाली ती तेव्हाच.

आणि फोडणी. लाल मिरची तेलात पडली की धुराचा अलार्म ठणाणा करायला लागतो. ट्रेलरचं छत जेमतेम सात-आठ फूट. कितीही पंखे लावा. शेवटी फोडणी बाहेर, ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाजूला ताणायचं कापडी छप्पर), इंडक्शनवर. त्या वासाने ते कॅनेडियन आजोबा खुर्ची घेऊनच आले. सस्कॅचेवानचे शेतकरी, आणि पिकवतात काय, तर मसूर! जन्मभर मसूर पिकवला, त्यातला कितीतरी भारतात गेला, पण स्वतः खाल्ला तो फक्त सुपात. पत्र्याच्या ताटलीत गोडा मसाला घातलेली मसुराची आमटी त्यांनी पावाला लावून खाल्ली. मग थोडा वेळ ताटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही याचं हे करता होय!”

नातवंडं नाताळात आली तेव्हा मात्र जीव खट्टू झाला. लहान मुलांना तलाव दुपारी दोनच तास आणि पाहुण्यांना दिवसांची मर्यादा. पंचावन्नच्या वरच्यांच्या वसाहतीला कायद्याने तशी मुभा आहे, ते ठीक. पण बुकिंगच्या वेळी आम्हाला कुणी बोललं नव्हतं.

घड्याळाचंही एक लक्षात ठेवा. ॲरिझोना घड्याळ पुढेमागे करत नाही आणि नदीपलीकडे लगेच कॅलिफोर्निया, त्यामुळे हिवाळ्यात तिकडे एक तास मागे. पलीकडचा टॉवर पकडला की फोन आपोआप वेळ बदलतो. ह्यांची एक अपॉइंटमेंट अशीच हुकली. दातांसाठी सगळे सीमेपलीकडे मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेसला जातात, गाडी अलीकडे लावून चालत. जाताना सहसा कुणी विचारत नाही, येताना जानेवारीत रांग दोन तासांची. भारतीय पासपोर्ट असेल तर ग्रीनकार्ड खिशात हवंच. किराण्यासाठी सॅन डिएगो, एका बाजूने पावणेदोनशे मैल. वाटेत कॅलिफोर्नियाचं शेतमाल तपासणी नाकं लागतं. तिथे कढीलिंबाचं रोप नेऊ नका. लिंबू-संत्र्यांवर पडणारी कीड त्यावर वाढते.

आमची खरी चूक झाली ती पहिल्या मार्चमध्ये. ऑफिसातल्या बाईंनी वर्षाचा करार गळ्यात मारला. “पाच महिन्यांच्या भाड्यात थोडेच जास्त आणि ट्रेलर ओढून न्यायची कटकट नाही.” आम्हीही मोहात पडलो आणि ट्रेलर इथेच ठेवून घरी गेलो. युमाचा जुलै म्हणजे सावलीत बेचाळीस अंश. बंद ट्रेलरमध्ये किती होत असेल त्याचा हिशेब करू नये. नोव्हेंबरात दार उघडलं तर छताच्या कडेचं सीलंट तडकलेलं, फ्रिजच्या दाराचं रबर कडक, टॉयलेटची सील वाळलेली. टायर झाकलेले होते म्हणून वाचले. कपाटातल्या कुकरची रिंग हातात घेतली तर बिस्किटासारखी दोन तुकडे झाली. खाली रानउंदरांनी काट्याकुट्यांचं घर बांधून दोन वायरी कुरतडलेल्या. ट्रेलर ओढून न नेल्याने जे पैसे वाचले होते, त्याच्या दुप्पट दुरुस्तीत गेले. (तेव्हा कळलं की संध्याकाळी गल्लीतले सगळे आपापल्या ट्रकचं बॉनेट उघडून आत दिवे का लावून ठेवतात. उंदराला अंधार लागतो.)

तेव्हा घ्यायचं तर पाच महिन्यांचंच घ्या. जागा निवडताना फ्रिजची बाजू पश्चिमेला, दुपारच्या उन्हात येणार नाही एवढं बघा. मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) प्लॅन आपल्या राज्यापुरता आहे का तेही निघण्यापूर्वी विचारून घ्या. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, बऱ्याच खासगी प्लॅनचं तसं नसतं.

आम्ही करार सोडला, पण पुढच्या नोव्हेंबरसाठी तीच जागा सांगून ठेवली आहे. आजोबा म्हणालेत, येताना घरच्या शेतातला दहा किलो मसूर आणतो. मी दोन जादा रिंगा घेऊन ठेवल्यात.