आयपॅडवर प्रूफं वाचताना: आयओएस ८ पासून आयपॅडओएस २६ पर्यंत

आयपॅडओएस २६, म्हणजे आयपॅड चालवणारी अ‍ॅपलची सिस्टिम, टाकून सहा महिने झाले. सप्टेंबरात आलं तेव्हाच लिहायला बसले होते, पण पहिल्या आठवड्यातलं मत म्हणजे पहिलं प्रूफ, त्यात चुका राहतातच. म्हणून थांबले.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढची बरीच कुरकुर उगाच वाटेल. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे प्रूफं वाचते. राहते सांगलीत, काम बहुतेक पुण्याच्या प्रकाशकांचं. पूर्वी प्रूफांचा गठ्ठा एसटीच्या पार्सलने यायचा आणि लाल खुणा होऊन तसाच परत जायचा. मग पीडीएफ मेलवर यायला लागल्या. लॅपटॉपपुढे दिवसभर बसणं मानेला मानवेना, तेव्हा २०१५ च्या उन्हाळ्यात आयपॅड एअर २ घेतला. त्यावर आयओएस ८ होतं. ‘आयपॅडओएस’ हे वेगळं नाव २०१९ मध्ये आलं; तोवर फोनचीच सिस्टिम मोठ्या पडद्यावर नांदत होती.

वाचायला ते यंत्र सुखाचं होतं. मांडीवर घ्या, पान मोठं करा, रफार कुठे बसलाय ते निवांत बघा. पण वाचणं वेगळं आणि काम करणं वेगळं. फाइल नावाची वस्तू तेव्हा आयपॅडला जवळजवळ ठाऊकच नव्हती. प्रत्येक अ‍ॅपचं स्वतःचं कपाट, त्याला स्वतःची किल्ली. मेलमधली पीडीएफ खुणांच्या अ‍ॅपमध्ये उघडली की तिथे तिची वेगळी प्रत व्हायची. एक मेलमध्ये, एक खुणांच्या अ‍ॅपमध्ये, तिसरी क्लाउडवर, आणि तिन्हींचं नाव एकच. एकदा एका कथासंग्रहाचं दुसरं प्रूफ रात्री अकराला पाठवून मी झोपले. सकाळी डीटीपीवाल्याचा, म्हणजे मजकूर टाइप करून पानं लावणाऱ्याचा फोन, “ताई, शेवटच्या चाळीस पानांत एकपण खूण नाही, एवढं शुद्ध कसं काय?” खुणा होत्या, पण दुसऱ्या प्रतीत. चूक माझीच, पाठवण्याआधी उघडून बघायला हवं होतं. त्या दिवसापासून नावाच्या शेवटी तारीख आणि वेळ टाकते ती आजतागायत.

त्याच वर्षी सप्टेंबरात आयओएस ९ आलं. पडदा दुभंगून दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी ठेवायची सोय त्यात आली, आणि पहिल्या दिवशी ती चालत होती फक्त एअर २ वर आणि नुकत्याच आलेल्या मिनी ४ वर. दोन जीबी रॅम असलेला पहिला आयपॅड एअर २ च. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ! आठवडाभर मी घरातल्या प्रत्येकाला ते दाखवत फिरले. तरी अडचण मूळचीच राहिली. दोन खिडक्या शेजारी आल्या, पण एकीतली वस्तू दुसरीत न्यायची सोय नव्हती. ती २०१७ मध्ये आयओएस ११ ने दिली: बोटाने उचला, तिकडे नेऊन टाका. खालचा डॉक, म्हणजे नेहमीच्या चिन्हांची पट्टी, कुठल्याही अ‍ॅपमधून वर ओढता येऊ लागला आणि ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप आलं.

या अकरा वर्षांत माझ्या कामाला खरी कलाटणी कुठल्या आवृत्तीने दिली म्हणाल, तर मी ११ आणि १३ ही नावं घेईन. गाजावाजा खिडक्यांचा होतो. पण पोट भरतं ते फाइलींवर. आयपॅडओएस १३ मध्ये आयपॅडच्या स्वतःच्या साठ्यात फोल्डर करता येऊ लागले, झिप उघडू लागली, सफारीतून उतरवलेली फाइल कुठे गेली ते कळू लागलं, आणि पेन ड्राइव्ह वाचता येऊ लागला. आयपॅड जगाला पहिल्यांदा दाखवला २७ जानेवारी २०१० ला, पेन ड्राइव्ह वाचायला २०१९ उजाडलं. माझ्या एअर २ ला तर त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागायचा आणि बऱ्याच पेन ड्राइव्हसाठी त्या अडॅप्टरला चार्जरही जोडावा लागायचा, म्हणजे टेबलावर वायरींचा संसार. तरीही एका लेखकाने पाठवलेला स्कॅनचा अख्खा पेन ड्राइव्ह लॅपटॉप न उघडता वाचता आला, तो आनंद निराळाच.

मग १३.४. ट्रॅकपॅड आणि माउस नीट चालायला लागले ते यात. ही आवृत्ती आली २४ मार्च २०२० ला, म्हणजे देशभराचा लॉकडाऊन जाहीर झाला त्याच दिवशी. छापखाने बंद, घरात सगळे, आणि मुलाचा ब्लूटूथ माउस माझ्या हाती लागला. अक्षरांवर गेल्यावर माउसच्या गोल ठिपक्याची उभी रेघ व्हायची, आणि दोन अक्षरांच्या मधोमध नेमकी जागा पकडता यायची. वेलांटी पहिली की दुसरी एवढीच दुरुस्ती करायची असते तेव्हा जाड बोटापेक्षा ही रेघ किती मोलाची, हे प्रूफवाल्यालाच कळेल.

१४ बद्दल फार नाही. अ‍ॅपलच्या पेन्सिलीने लिहिलं की छापील अक्षरं होतात ही त्यातली मोठी बातमी होती, पण माझ्या एअर २ वर ती पेन्सिल चालतच नव्हती. १५ मध्ये विजेट कुठेही ठेवता येऊ लागली आणि खिडक्यांसाठी वर तीन ठिपक्यांचा मेनू आला. एअर २ तिथेच थांबला. २०१४ चं यंत्र आयओएस ८ पासून १५ पर्यंत चाललं, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

२०२२ च्या दिवाळीत एम१ चिपचा एअर घेतला, ६४ जीबीचा. आयपॅडओएस १६ त्या वर्षी आयपॅडवर उशिरा उतरलं, थेट १६.१ म्हणून, २४ ऑक्टोबरला. स्टेज मॅनेजर यातलाच: एका पडद्यावर चार अ‍ॅप, डाव्या कडेला बाकीच्या खिडक्यांची उतरंड. मोठ्या हौसेने चालू केला, आठवड्यात बंद केला. १०.९ इंचाच्या पडद्यावर ती कडेची पट्टीच जागा खाते, आणि खिडकी मी ठेवीन तिथे न राहता तिला वाटेल तिथे सरकते. जेवायला पान मांडावं आणि कुणीतरी येऊन वाटी या बाजूची त्या बाजूला करावी, तसं. १७ मध्ये ती शिस्त जरा सैलावली, पण माझं मन उतरलं ते उतरलंच. घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: साठ्यातली जागा रॅमसारखी वापरायची सोय १६ मध्ये आली, एम१ एअरमध्ये ती फक्त २५६ जीबीवाल्या मॉडेलला मिळाली. दुकानात हे कुणी सांगत नाही. मी पैसे वाचवले आणि ती सोय गमावली.

१८ मध्ये कॅल्क्युलेटर आला. हो, २०२४ मध्ये, चौदा वर्षांनी. तोवर पानांचं बिल मी फोनवर करायचे. त्याहून महत्त्वाचं मार्च २०२५ च्या १८.४ मध्ये झालं: सिस्टिमची भाषा म्हणून मराठी निवडता येऊ लागली. पंधरा दिवस सगळं मराठीत ठेवलं. नंतर इंग्रजीवर परतले, कारण मदत शोधायला गेलं की प्रत्येक बटणाचं नाव इंग्रजीतच सांगितलेलं असतं. शिवाय सवय वाईट. सेटिंग बदलायला जायचे आणि तिथलं वाक्य मनातल्या मनात तपासत बसायचे.

आता २६. आकडा थेट १८ वरून २६ वर गेला, कारण अ‍ॅपलने सगळ्या सिस्टिमना वर्षाचा आकडा दिला. नवा मुलामा काचेसारखा पारदर्शक आहे. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. माझ्यापुरतं सांगते, २६.१ मध्ये काच कमी पारदर्शक करायचा पर्याय आला तो मी त्याच दिवशी लावला.

यातल्या खिडक्या मात्र खऱ्या आहेत. कोपरा धरून हव्या त्या मापाची करा, एकीवर एक ठेवा, कडेकडे भिरकावली की अर्ध्या पडद्यावर चिकटते. डाव्या वरच्या कोपऱ्यात मॅकसारखे लाल, पिवळे, हिरवे ठिपके. ते इतके बारीक असतात की बोटाने आधी एकदा टेकायचं, ते मोठे झाले की मग दाबायचं. माउस असेल तर प्रश्न नाही. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की मेनूपट्टी येते, आणि ज्या अ‍ॅपमध्ये एखादी सोय कुठे दडवलीय ते वर्षानुवर्षं सापडत नव्हतं, तिथे ती मेनूत सरळ नावानिशी दिसते.

सध्या एका निवृत्त शिक्षकांचं आत्मचरित्र आहे, ३८० पानांचं. मूळ प्रत त्यांच्या हस्ताक्षरात, स्कॅन केलेली. ती डावीकडे अर्ध्या पडद्यावर. उजवीकडे वरच्या बाजूला प्रूफ, खाली लेखनाच्या नियमांची छोटी खिडकी. तिसऱ्या प्रकरणात या शिक्षक आजोबांनी ‘विहीर’ कुठे दीर्घ लिहिलीय, कुठे ऱ्हस्व. डीटीपी करणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी प्रामाणिकपणे त्यांच्यासारखंच टाइप केलंय. मान न हलवता तिन्ही गोष्टी दिसतात आणि पेन्सिलीची खूण समासात जाते. दहा वर्षांपूर्वी यासाठी मला अख्खं डायनिंग टेबल लागायचं.

तरी २६ मधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुन्हा फाइलींचीच. पीडीएफ कुठल्या अ‍ॅपमध्ये उघडायची हे आता कायमचं ठरवून ठेवता येतं. फोल्डर डॉकमध्ये ठेवता येतो. माझ्या डॉकच्या उजव्या टोकाला ‘चालू प्रूफं’ बसलाय. यादीतल्या नावांचा रकाना ओढून रुंद करता येतो, त्यामुळे शेवटची तारीख-वेळ पूर्ण दिसते. ज्याचे चाळीस पानांनी हात पोळलेत त्याला त्या रुंद रकान्याची किंमत विचारा. प्रिव्ह्यू नावाचं अ‍ॅपही मॅकवरून इकडे आलंय. साध्या खुणांना पुरतं, पण दोनशे खुणांची यादी काढायची तर माझं जुनं अ‍ॅपच बरं.

एक जुनी गोष्ट मात्र २६.० ने काढून घेतली: कडेवरून बोटाने ओढून आणायची आणि परत ढकलून द्यायची तरंगती पट्टी, स्लाइड ओव्हर. माझ्या पट्टीत शब्दकोश आणि व्हॉट्सअ‍ॅप असायचे. गंमत अशी की जुना एअर २ आता सासऱ्यांकडे आहे, पेपर वाचायला. गणपती झाल्यावर एकदा ते डॉकमधून अ‍ॅप ओढून कडेला लावत होते, माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझ्या नव्याला येत नाही का गं हे?” येत नव्हतं. नोव्हेंबरात २६.१ ने स्लाइड ओव्हर परत आणलं, पण एका वेळी एकच अ‍ॅप. पूर्वीसारखी चळत नाही. डिसेंबरात २६.२ ने डॉकमधून ओढून शेजारी लावणंही परत दिलं. लोकांनी ओरडा केल्यावर तीन महिन्यांत ऐकलं हे चांगलंच. पण काढलं कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही.

खिडक्या नको असतील तर सेटिंगमध्ये जाऊन पूर्वीसारखं एका वेळी एकच अ‍ॅप ठेवता येतं. मी शेवटच्या वाचनाला तसंच करते, कारण शेजारी दुसरं काही दिसलं की डोळा तिकडे जातो आणि ‘पुस्तक’चं ‘पुस्कत’ झालेलं निसटतं. २६ साठी नवं यंत्र घ्यायलाच हवं असं नाही. साधा आयपॅड आठव्या पिढीपासून, एअर तिसऱ्या पिढीपासून, मिनी पाचव्या पिढीपासून चालतो, आणि या खिडक्यांना स्टेज मॅनेजरला सुरुवातीला होती तशी ठरावीक मॉडेलांची अट नाही. सातव्या पिढीचा साधा आयपॅड मात्र १८ वरच थांबला.

आत्मचरित्रावर परत येते. काल ‘विहीर’ एकदम शोधून सगळीकडे सारखी करावी म्हणून शोधपेटीत शब्द टाकला. उत्तर शून्य. हा दोष आयपॅडचा नाही. डीटीपी जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटात झालंय. डोळ्याला देवनागरी दिसते, पण आतमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. तिथला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की नुसता कचरा पडतो. म्हणून २१२ व्या पानापासून पुढच्या सगळ्या विहिरी एकेक करून उपसतेय. आतापर्यंत सतरा झाल्या.