जुनी स्कॉर्पिओ घरच्यांसाठी नीट करून घेतली: सीएसटी रोडवरच्या या गॅरेजचा अनुभव

कलिनाहून कुर्ल्याकडे जाताना सीएसटी रोडवर ॲक्सेसरीजच्या दुकानांची रांग लागते. त्यातल्या कुठल्याही दुकानात जुनी एसयूव्ही नेली की पहिला प्रश्न येतो, "लूक कसा हवाय?" या गॅरेजच्या चाचांनी मला विचारलं, "ताई, गाडीत कोण कुठं बसतं?" पुढचं सगळं काम त्या प्रश्नावरून ठरलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गाडी २०१० ची, एमहॉक डिझेल इंजिनाची, सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, नवी घेतलेली. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग नसलेलं मॉडेल. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत तपासणी करून, ग्रीन टॅक्स भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. घरात नवी गाडी घ्यायचं बोलणं झालं, पण अप्पांचा या गाडीवर जीव आहे आणि इंजिन खरंच उत्तम आहे. आम्ही भांडुपला राहतो, गाव संगमेश्वरजवळ. गाडीत मी, नवरा, सासू-सासरे, चार वर्षांची मुलगी, आणि गणपतीत नणंदेची दोन मुलं.

आमची यादी घरातल्या प्रत्येकाची वेगळी होती. अप्पांना पुढे लोखंडी गार्ड हवा होता. दिराला गाडी उंच करून मोठे टायर. नवऱ्याला एलईडी लाइट आणि वर मोठा कॅरिअर. मला एअरबॅग.

एअरबॅगला चाचांनी सरळ नाही म्हटलं. एअरबॅग म्हणजे नुसती पिशवी नसते. धडक ओळखणारे सेन्सर, कंट्रोल युनिट, स्टीअरिंग, डॅशबोर्ड, बेल्ट हे सगळं त्या मॉडेलची धडक-चाचणी करून एकमेकांशी जुळवलेलं असतं. "बाहेरून बसवलेली कधी उघडेल आणि कधी नाही हे मी सांगू शकत नाही, मग पोरीच्या समोर ती कशाला लावू?" असं ते म्हणाले. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची चाचणी घेतली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले होते, आणि ती तर आमच्या गाडीच्या नंतरची आवृत्ती. ही उणीव कुठल्याही गॅरेजमध्ये भरून निघणार नाही. हे तोंडावर सांगणारा माणूस मला आधी कुणी भेटला नव्हता.

गार्डचं समजावायला जास्त वेळ गेला. अप्पांच्या पिढीला गार्ड म्हणजे गाडीचं चिलखत वाटतं. पण केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा ठरवले आहेत. कारण साधं आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपून जोर शोषतो. चॅसीला बोल्ट केलेला लोखंडी पाइप तो जोर थेट मागे पाठवतो, आणि समोर पायी चालणारा असला तर त्याच्या मांडीवर-छातीवर तो पाइपच बसतो. एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरचाही घोळ होऊ शकतो. चाचा मूळचे खेडचे. त्यांनी अप्पांशी आधी कशेडी घाटाच्या गप्पा मारल्या आणि मग हे सांगितलं. अप्पांनी ऐकलं. आम्ही घरी दहादा सांगून ऐकलं नसतं.

आता सीट. माझ्या मते कुटुंबाच्या गाडीत सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि त्याकडेच कुणी बघत नाही. आमच्या गाडीत मागे समोरासमोरची आडवी बाकडी आहेत. लहानपणी आपण सगळेच तिथे बसून गावाला गेलोय, ती जागा मुलांचीच मानली जाते. पण आडवं बसलेलं मूल अचानक ब्रेक लागला की बाजूला फेकलं जातं. मान आणि पोट वळतात, धरायला काही नसतं, आणि मागून धडक बसली तर मधे फक्त डिकीचं दार. नणंदेच्या मुलांसाठी तिथे कमरेचे पट्टे लावून द्या, असं मी म्हटलं होतं. चाचांनी फ्लोअरवर बोट ठेवून दाखवलं: जिथे पट्टा बांधायचा तिथे नुसता पातळ पत्रा आहे. ड्रिल मारून बोल्ट टाकला तर तो झटक्यात उपटून येईल आणि आम्ही मात्र बेल्ट आहे म्हणून निर्धास्त राहू. पुढे तोंड करणारं बाकडं बसवायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या रचनेत मनाने बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच स्पष्ट केलंय.

मग ठरलं ते असं. मागची बाकडी उचलून कायम बंद, तिथे फक्त बॅगा, त्याही फ्लोअरच्या हुकांना पट्ट्याने आवळून. नणंदेची मुलं ट्रेनने किंवा दुसऱ्या गाडीने. घरात यावरून दोन दिवस कुरकुर चालली. मी मागे हटले नाही.

मधल्या रांगेतले बेल्ट चाचांनी बाहेर ओढून एकेक तपासले. एका बेल्टची पट्टी उन्हाने कडक झालेली, दुसऱ्याचा रिट्रॅक्टर, म्हणजे बेल्ट गुंडाळणारा भाग, झटका दिल्यावर अडकतच नव्हता. दोन्ही कंपनीचे नवे मागवले, पट्टीला शिवण मारून काम भागवलं नाही. त्या रांगेत मधोमधच्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे, म्हणून मुलीची सीट तिथे लावत नाही. ती खिडकीकडे, तीन ठिकाणी धरणाऱ्या बेल्टने बांधलेली. जुन्या गाडीत आयसोफिक्सचे (मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे) हूक नसतात म्हणून अनेक जण बेबी सीटचा नाद सोडतात, पण बेल्टने बांधायच्या सीट मिळतात. चाचांनी गुडघा टेकवून दाब देऊन ती कशी आवळायची ते मला आणि नवऱ्याला दोघांनाही करायला लावलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर कलम १९४ ब खाली हजार रुपये दंड आहे, आणि मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही बेल्टची सक्ती आहे. त्याच्या दोनच महिने आधी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला होता, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. सासूबाईंना हे आठवण करून दिल्यापासून त्या स्वतःहून बेल्ट लावतात.

दिराच्या मोठ्या टायरचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. आमचा साइज २३५/७० आर १६, उंची साधारण ७३५ मिमी. त्याला हवा होता २४५/७५ आर १६, म्हणजे ७७४ च्या आसपास. फरक पाच टक्के. मीटरवर जो ऐंशीचा वेग दिसेल तो प्रत्यक्षात चौऱ्याऐंशी असेल आणि ब्रेक मात्र तेच जुने. वर स्पेसर (गाडी उंच करायला सस्पेन्शनमध्ये घालायचे तुकडे) टाकून गाडी उचलली की तिचा भार वर सरकतो, वळणावर ती जास्त झुकते. ज्या गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. हे मला माहीतच नव्हतं. उंची जशी होती तशीच ठेवली. मोठा कॅरिअरही नाही. गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि नारळ खालीच ठेवायचे, टपावर नाही.

त्याऐवजी पैसे ब्रेकवर गेले: पुढचे पॅड, मागचे शू, चिरा पडलेले रबरी होज, पूर्ण ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यातलं पाणी लांब उतारावर तापून वाफ होतं आणि पेडल खाली जातं. खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनी हे वाचावं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवरच येतो. खालचे बॉल जॉइंट आणि बुशही बदलले. स्टेपनीवर २३१६ हा आकडा निघाला, म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी, पण कडेला भेगा. तो टायर त्यांनी आमच्यासमोर भंगारात टाकला.

वायरिंग उघडल्यावर मात्र मला धडकी भरली. पूर्वी दुसऱ्या एका दुकानात लावलेले फॉग लॅम्प आणि ॲम्प्लिफायर, थेट बॅटरीवरून, फ्यूजशिवाय, जोडांना नुसती टेप. अशी वायर पत्र्यावर घासत राहिली की आवरण जातं, शॉर्ट होतो, आणि फ्यूज नसल्यामुळे वायर स्वतःच तापून पेट घेते. सगळं काढून टाकलं. एलईडी किटलाही नकार: हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड विखरून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काचा पॉलिश केल्या, मूळ ६०/५५ वॉटचेच बल्ब टाकले, रिले आणि फ्यूज लावून फोकस नीट केला. आता रात्री महामार्गावर मला रस्त्याची कड दिसते.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा काम बरंच लांबलं, कारण बेल्ट यायला उशीर झाला आणि फोन आम्हालाच करावा लागला. अंदाजपत्रक लेखी मागून घ्यावं लागतं. बसायला एक बाकडं, तेही रस्त्यावर. व्हील अलाइनमेंट इथे होत नाही, ते बाहेरून करून आणतात, तेव्हा अलाइनमेंटचा प्रिंट मागा. बिल सत्तर हजारांच्या आत बसलं. बाहेरून गाडी होती तशीच दिसते, त्यामुळे शेजाऱ्यांना पैसे कुठे गेले ते कळत नाही. मला कळतं.

ज्यांना गाडी फोटोत उठून दिसायला हवी आहे त्यांनी इथे जाऊ नये, चाचा वेळ देणार नाहीत. घरच्यांना घेऊन लांब जायचं असेल तर जा. आरसी सोबत न्या, मुलाची सीट सोबत न्या, आणि जमल्यास जे रोज गाडीत बसतात त्या सगळ्यांना न्या. गणपतीच्या आधीचा महिना टाळा, कोकणात जाणाऱ्या गाड्यांची तेव्हा रांग असते आणि घाईत ब्रेकचं काम करून घेऊ नये.