बुचांचे मोझेक: पत्रा की प्लास्टिक, सरळ ओळी की सरकत्या?

मित्रमंडळींनी जमवलेल्या बाटल्यांच्या बुचांतून पिक्सेल-चित्र, म्हणजे प्रत्येक बूच एक रंगीत ठिपका असलेले चित्र, करायचे ठरले की पहिला प्रश्न मांडणीचा असतो, आणि त्याचे उत्तर खिळा ठोकण्यापूर्वीच द्यावे लागते, कारण पुढे ते बदलता येत नाही.

सरळ चौकटीत प्रत्येक बूच वरच्या बुचाच्या बरोबर खाली येते, तर सरकत्या मांडणीत ते वरच्या दोघांच्या खाचेत बसते. सरळ मांडणीत बुचे पृष्ठभागाचा सुमारे ७८.५ टक्के भाग झाकतात, सरकत्या मांडणीत जवळजवळ ९०.७ टक्के. त्यामुळे सरकत्या मांडणीतले रंग अधिक भरीव दिसतात, हे खरे. मात्र तीत ओळी एकमेकींजवळ सरकतात, म्हणून चौकोनी आराखडा तसाच उतरवला तर चित्राची उंची सुमारे १३ टक्क्यांनी घटते, चेहरा दबल्यासारखा दिसतो आणि उभी रेघ नागमोडी होते. संगणकावर तयार केलेला चौकोनी आराखडा वापरणार असाल, तर माझे मत निःसंशय सरळ मांडणीच्या बाजूने आहे. फटींतून दिसणारी फळी आधीच गडद रंगवली की उणीव बरीच भरून निघते.

अनेक हातांनी काम करायचे असेल तर हा कौल आणखी पक्का होतो. ३२ × ३२ घरांच्या चित्राला १,०२४ बुचे लागतात आणि घर ३२ मिलिमीटरचे धरले तर बाजू एक मीटरहून किंचित मोठी होते. त्याचे ८ × ८ घरांचे १६ तुकडे पाडले की प्रत्येकाला ६४ बुचांची फळी घरी नेता येते, आणि नंतर त्या काठाला काठ लावून जोडता येतात. सरकत्या ओळींचे काठ दातेरी राहत असल्याने असे तुकडे जुळवणे फार कटकटीचे ठरते.

आता साहित्याकडे वळू. विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या दातेरी पत्र्याच्या बुचाचा आकार आज बहुतांश एकसारखा असतो, म्हणून चौकट बिघडत नाही. ते पोलादी असल्याने लोहचुंबकाने तात्पुरते लावून चित्र तपासताही येते. मात्र ओपनरने मधोमध दुमडलेली बुचे वेगळी काढावी लागतात, दात्यांनी बोटे कापू शकतात आणि ओलाव्यात गंज चढतो.

प्लास्टिकची झाकणे गंजत नाहीत आणि लहान मुलांच्या हातीही देता येतात, पण त्यांचे व्यास निरनिराळे असल्याने आकारानुसार निवड करावीच लागते. शिवाय ती बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि या प्लास्टिकवर नेहमीचा गोंद नीट धरत नाही. प्रत्येक झाकणाच्या मध्यभागी छिद्र पाडून स्क्रू बसवणे हाच भरवशाचा मार्ग आहे, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल. उन्हात त्यांचा रंग विटतो, हेही ध्यानात असावे.

घरातील भिंतीसाठी, मोठ्यांच्या गटाने, मी पत्र्याची बुचे निवडेन. मुले सोबत असतील किंवा भिंत पावसात भिजणारी असेल तर प्लास्टिकची झाकणे. दोन्ही बाबतींत आधी रंगवार मोजणी करावी आणि मगच चित्र ठरवावे, कारण तांबडी आणि पांढरी सहज जमतात, पण चेहऱ्याच्या सावलीला लागणाऱ्या तपकिरी छटा महिनोन्महिने मिळत नाहीत.